हात बांधण्याआधी

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. एवढ्या मोठ्या संस्थेत असो की कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या छोट्या व्यसनमुक्ती केंद्रात, पाळी बदलाच्या 'ओव्हर'मध्ये सांगितले जाणारे एक वाक्य परिचारिकांच्या ओळखीचे आहे: 'तो पेशंट त्रास देतो, सांभाळा.' या वाक्याने पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला धास्ती मिळते, माहिती मिळत नाही. शेवटची दारू केव्हा घेतली, आरडाओरडा कशावरून सुरू झाला, त्याआधी त्याला काय नाकारले गेले, हे कळले तर उपाय सुचतो. दारू एकाएकी सुटली की साधारण दोन ते चार दिवसांत काही रुग्णांना डिलिरियम होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते, नसलेले किडे दिसतात आणि सुई घेऊन येणारी सिस्टर मारायलाच आली असे वाटते. रक्तातली साखर उतरली असेल किंवा पडून डोक्याला मार बसला असेल, तरीही माणूस असाच अंगावर येतो. अशा रुग्णावर 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारून त्याला नुसते बांधून ठेवणे जिवावर बेतू शकते.

शरीरात कारण सापडले नाही, तर ते कक्षातही शोधावे. संशोधक लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या १५ रुग्णालयांच्या ३१ कक्षांत केलेला 'सेफवॉर्ड्स' अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नकार देताना कारण सांगणे, वाईट निरोप कळल्यावर रुग्णाजवळ थांबणे, ओव्हरमध्ये त्याच्याविषयी एखादी चांगली गोष्टही सांगणे, असे त्यातले उपाय होते. हे उपाय केलेल्या कक्षांत, तुलनेसाठी घेतलेल्या कक्षांपेक्षा, संघर्षाचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि धरून ठेवणे, कोंडणे यांसारखे सक्तीचे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी घटले. परदेशातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हे खरे. पण नकाराचे कारण सांगायला परदेशी साधनसामग्री लागत नाही. व्यसनी रुग्ण गोडीगुलाबीने फसवतात, गोळी मिळवण्यासाठी नाटक करतात, हा आक्षेपही अनुभवातूनच येतो. त्यावर उत्तर कठोरपणा नव्हे, एकवाक्यता आहे. सकाळच्या सिस्टरने नाकारलेले रात्रीच्या ब्रदरने दिले, तर रुग्ण ओरडायलाच शिकेल.

सर्वांत वजनदार आक्षेप मनुष्यबळाचा. रात्रपाळीला मोजकी माणसे असताना समजूत काढत बसायला वेळ कुठून आणायचा? हा प्रश्न रास्त आहे, आणि मार खाणे हा परिचारिकेच्या नोकरीचा भाग मुळीच नाही. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे. पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम ९७ काय सांगते तेही पाहावे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने बांधता येते. शिक्षा म्हणून नाही आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. शिवाय कारण व कालावधी लगेच नोंदवावा लागतो आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावे लागते. हे कलम परिचारिकांना जाचक वाटू शकते. आमच्या मते ते त्यांच्या हातातले साधन आहे. बांधल्याची नोंद करताना आधी काय घडले, कोणते उपाय करून पाहिले आणि त्या वेळी कक्षात किती रुग्णांमागे किती कर्मचारी होते, हे तिन्ही लिहा. महिनाअखेर या नोंदी अधिसेविकांनी एकत्र करून रिक्त पदांच्या मागणीला जोडाव्यात. तोंडी गाऱ्हाणे प्रशासन विसरते. कायद्याने ठेवायलाच लावलेल्या नोंदींना त्याला उत्तर द्यावे लागेल.