डब्याच्या झाकणावरच्या गोळ्या

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा टँकरच्या बिलांचा विषय दहा मिनिटांत उरकला आणि कुत्र्यांचा दीड तास चालला. पाळीव प्राणी म्हणजे पैसे देऊन घरात आणलेला रोग, असं एकानं ठणकावून सांगितलं. हे सगळं परदेशी फॅड, आपल्यात असलं काही नव्हतं, असं दुसऱ्यानं. तिसऱ्या बाईंचा प्रश्न जास्त बोचरा होता. म्हाताऱ्या आईबापांची विचारपूस करायला ज्यांना वेळ नाही, त्यांना कुत्र्याला फिरवायला बरा मिळतो? बोलणारी माणसं वाईट नव्हेत. त्यांतल्या एकांच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरचं कुत्रं चावलं होतं, आणि पाच इंजेक्शनांचे ते २८ दिवस त्या घरानं कसे काढले ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. पण टाळ्या पडल्या म्हणून म्हणणं खरं ठरत नाही, आणि त्या दिवशी माझं उत्तर गोंगाटात विरून गेलं. ते इथे सविस्तर देते.

रोगापासून सुरुवात करते, कारण तो आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं या रोगानं जातात, आणि माणसाला होणारा ९९ टक्के रेबीज कुत्र्यांकडूनच येतो. प्राणिप्रेमी म्हणवणारे पुष्कळ जण हे आकडे बोलत नाहीत, याचा मला राग येतो. लपवून काय मिळतं? उलट हे आकडे समोर ठेवले तरच दिसतं की धोका आहे तो लस न टोचलेल्या कुत्र्याचा. ज्याला दर वर्षी लस मिळते, ज्याचं कार्ड घरात आहे, ज्याच्या वागण्यात फरक पडला तर त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं, ते कुत्रं रोगाच्या वाटेत आडवं उभं असतं.

शेजारच्या गोव्यात हे करून दाखवलं आहे. 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून तिथे वर्षाला सुमारे ९५,००० कुत्र्यांना लस टोचली. पाळलेलीही टोचली, रस्त्यावरचीही. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याजवळ कसं वागायचं ते शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर मिळताच पोचणारी माणसं ठेवली. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला, आणि २०१८ साली गोव्यात रेबीजनं एकही माणूस दगावला नाही. गोव्यानं कुत्री हाकलली नाहीत.

आमच्या सभेत मी एकच गोष्ट विचारली होती: कुत्रं चावलं तर पहिल्यांदा काय कराल? एकानं हळद सांगितली, एकानं चुना. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, हे कुणीच सांगितलं नाही. लस दंडात घेतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच मागे पडला. ज्या सभेला हे ठाऊक नाही ती कुत्र्यांवर बंदी घालून कुणाचं रक्षण करणार?

मांजरांच्या वाट्याला तर याहून वाईट येतं. माझ्या मावसबहिणीला दिवस गेले तेव्हा घरातलं पाच वर्षांचं मांजर पोत्यात घालून भाजी मंडईमागे सोडून दिलं. कारण काय, तर टॉक्सोप्लाझ्मा. हा जंतू पोटातल्या बाळाला इजा करू शकतो, यात शंका नाही. पण मांजराच्या विष्ठेतून पडलेला जंतू ताजा असताना बाधत नाही. त्याला त्या अवस्थेला यायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला, आणि तो गरोदर बाईऐवजी नवऱ्यानं साफ केला, की बराचसा धोका टळला. हाच जंतू अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. त्या घरात दर रविवारी मटण होत होतं. ते नीट शिजतं का, हे कुणी पाहिलं नाही. मांजर मात्र गेलं.

दम्याचं थोडक्यात सांगते. मांजराच्या लाळेतून आणि कातडीतून येणाऱ्या प्रथिनानं ज्याला खरोखर धाप लागते, त्यानं मांजर पाळू नये. इथे हट्ट कामाचा नाही. पण लहान मूल असलेल्या घरात कुत्रं नकोच, हा सरसकट नियम टिकत नाही. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली जो अभ्यास छापला गेला, त्यात पहिल्या वर्षात घरी कुत्रं असलेल्या मुलांमध्ये शाळेच्या वयात दमा कमी आढळला.

आणि फॅड? ज्या मुलखात पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची ही रीत आज्यांनी पाळली, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून पोळा आणि बेंदूर झाले, धनगराच्या वाड्यावर मेंढरांइतकीच कुत्र्यांची काळजी घेतली गेली, तिथे जनावर परकं कधी होतं? परकं आहे ते दुकानातून जनावर आणणं.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. कुत्रा घ्या, ब्लडप्रेशर घालवा, असा प्रचार हल्ली जोरात चालतो. त्याच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या कक्षातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभरानं चौकशी केली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ गेले होते, नसलेल्या ३९ जणांपैकी ११. आकडे बोलके आहेत, पण ते तेवढंच बोलतात. ज्याच्या अंगात थोडी ताकद आहे, गाठीला पैसा आहे, तोच मुळात प्राणी पाळतो, हीही शक्यता उरतेच. फ्रीडमनबाईंच्याच १९९५ च्या अभ्यासात कुत्रं पाळणारे जास्त तगले, मांजर पाळणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१३ साली सगळे पुरावे चाळले. कुत्रं पाळणं आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध असू शकतो, असं तिनं मान्य केलं, आणि त्याच निवेदनात बजावलं की केवळ त्यासाठी कुणी प्राणी घरी आणू नये.

मला हे बजावणं अगदी पटतं. औषध म्हणून आणलेलं जनावर गुण आला नाही की रस्त्यावर येतं. मग नागपूरच्या उन्हात हस्की धापा टाकताना दिसतो, चपट्या नाकाचे पग जिना चढताना घुसमटतात. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, तरी कित्येक घरांच्या गॅलरीत तो टांगलेला असतो. त्यानं कुणाचं मन रमत असेल तर ते तसं रमू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्राण्यानं माणसाला मिळतं काय? न्यूयॉर्कच्या ४८ शेअर दलालांची गोष्ट इथे उपयोगी पडेल. सगळ्यांना उच्च रक्तदाब होता, सगळ्यांना एकच गोळी सुरू केली, आणि त्यांतल्या निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्या तसे निवडून, कुत्रं किंवा मांजर पाळायला सांगितलं. कॅरन ॲलन यांचा हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. स्वस्थ बसलेलं असतानाचा रक्तदाब गोळीनं दोन्ही गटांत सारखाच उतरला. त्यात प्राण्यानं भर घातली नाही. पण भाषण करायला लावलं, तोंडी हिशेब घातले, तेव्हा प्राणी असलेल्यांचा दाब कमी चढला. गोळीचं काम गोळीनं केलं. ताण आला तेव्हाचं काम गोळीला जमलं नाही, ते घरातल्या जनावरानं केलं.

दुसरी गोष्ट अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात सांगितली आहे. हे अमेरिकेतले सर्जन, त्यांचं घराणं महाराष्ट्रातल्या उटी गावचं. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावी बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर एका वृद्धाश्रमात रुजू झाला. तिथली माणसं औषधं वेळेवर घेत होती आणि कंटाळ्यानं, एकटेपणानं खंगत होती. नियमात एक कुत्रं किंवा एक मांजर बसत होतं. थॉमसनं दोन कुत्री, चार मांजरं आणि शंभर छोटे पोपट आणले. पोपट आले त्या दिवशी पिंजरेच आलेले नव्हते. पक्षी तिथल्या केस कापायच्या खोलीत मोकळे सोडले, कर्मचारी धावपळ करत पिंजरे जोडत बसले आणि म्हातारी माणसं काचेतून बघून खदखदून हसत होती. पुढे जे बोलत नाहीत असं सगळे धरून चालले होते ते बोलू लागले. जे खोलीबाहेर पडत नव्हते ते येऊन म्हणू लागले, कुत्र्याला मी फिरवून आणतो. औषधांचं प्रमाण शेजारच्या तशाच आश्रमाच्या मानानं निम्म्यावर आलं. मनाच्या अस्वस्थतेवरची औषधं सगळ्यांत जास्त घटली. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं मला आजही पटत नाही, पण त्या माणसांनी त्यांना नावं ठेवली, त्यांच्या खाण्यापिण्याच्या वेळा सांभाळल्या, हे मी विसरू शकत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव त्यांना परत मिळाली. माझं सगळं म्हणणं या एका जाणिवेवर उभं आहे.

कारण ती मी घरात पाहिली आहे. आई गेल्यावर वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी मिरजेहून पुण्याला घेऊन आले. साखर दोनशेच्या वर, रात्रीच्या गोळ्या हटकून विसरायचे. चाळीस मिनिटं चाला, असं डॉक्टर दर वेळी सांगायचे आणि अण्णा दर वेळी मान डोलवायचे. दिवसभर गॅलरीत खुर्ची. जुलैच्या एका पावसात पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरखाली एक तांबूस पिल्लू कुडकुडत बसलेलं सापडलं. ते वर येणार नाही, असं सांगणारे अण्णाच होते. तीन आठवड्यांनी त्याचे पाय स्वतःच्या पंच्यानं पुसणारेही अण्णाच. चिंगी हे नाव त्यांनीच ठेवलं. सकाळी साडेपाचला साखळीचा आवाज आला की मला जाग येते. चाळीस मिनिटांचा हिशेब आता कुणी ठेवत नाही. रात्रीच्या गोळ्यांची पट्टी त्यांनी चिंगीच्या खाण्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवायला सुरुवात केली. आठ वाजता तिला वाढायचं ते कधी चुकत नाही, म्हणून गोळ्याही चुकत नाहीत. साखर उतरली ती गोळ्यांनी, हे मी जाणून आहे. आणि ज्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं तिथे कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापासून शाळेच्या मुलांपर्यंत सगळे त्यांना चिंगीचे आजोबा म्हणतात.

झळही सोसली आहे. मागच्या साली चिंगी मांजरामागे झेपावली, साखळीला हिसका बसला आणि अण्णा पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. चूक माझी होती. अंगात दम असलेलं कुत्रं म्हाताऱ्या हातात द्यायचं तर त्याला आधी वळण लावायला हवं, हे मी मनावर घेतलं नव्हतं. शिवाय तिचंही वय होणार, ती आधी जाईल किंवा अण्णा, आणि मागे राहील त्याला ते जड जाणार. हे ठाऊक असूनही मी पिल्लू पुन्हा वर आणलं असतं.

तेव्हा त्या तिसऱ्या बाईंना माझं सांगणं आहे: आमच्या घरात म्हाताऱ्या बापाच्या वाट्याची माया कुत्र्यानं खाल्लेली नाही. ऑफिसातून आल्यावर मी अण्णांशी आज जितकं बोलते तितकं चिंगी येण्याआधी बोलत नव्हते, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे रोज काहीतरी असतं.

सोसायटीकडे मागणं साधं आहे. सरसकट बंदी घालता येत नाही, हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१५ पासून लिहिलेलं आहे, पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही. प्रत्येक पाळीव कुत्र्या-मांजराच्या लशीच्या कार्डाची प्रत कार्यालयात जमा व्हावी. लिफ्टमध्ये साखळी आखूड धरावी. घाण ज्याची त्यानं उचलावी, न उचलल्यास दंड घ्यावा. पहिल्यांदा माझ्याकडून घेतला तरी चालेल. फाटकाजवळच्या नळावर साबणाची वडी ठेवावी, आणि वर पंधरा मिनिटांची सूचना मोठ्या अक्षरांत लावावी. पुढच्या सभेला मी अण्णांना घेऊन येणार आहे. स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला लटकणारी त्यांची दोन कार्डं ते बरोबर आणतील. एकावर त्यांच्या रक्ततपासणीच्या तारखा आहेत, दुसऱ्यावर चिंगीच्या लशींच्या, दोन्हीकडे लाल पेन्सिलीनं लिहिलेल्या. तिची पुढची लस १४ जूनला आहे.