टेबलाखालचा बॉम्ब

दोन माणसे टेबलाशी बसून साध्या गप्पा मारीत आहेत. अकस्मात टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, परंतु ते दचकणे काही क्षणांचेच. आता तोच प्रसंग निराळ्या रीतीने मांडावा. टेबलाखाली बॉम्ब आहे व तो एक वाजता फुटणार, हे प्रेक्षकाला आधीच सांगावे आणि घड्याळात पाऊण वाजलेला दाखवावा. माणसे तीच, गप्पाही त्याच. परंतु आता वाक्यागणिक प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या या उदाहरणात त्यांच्या कलेचे मर्म आहे. लपविल्याने धक्का बसतो. सांगितल्याने उत्कंठा वाढते.

‘रिअर विंडो’ (१९५४) या चित्रपटाचा नायक पाय मोडल्याने चाकांच्या खुर्चीत खिळलेला आहे. समोरच्या इमारतीतील संशयिताच्या घरात त्याची प्रेयसी पुरावा शोधण्यास शिरते आणि तो संशयित परतताना नायकाला व प्रेक्षकाला एकदमच दिसतो. दोघांनाही सारे कळते. करता मात्र काहीच येत नाही. ‘नोटोरियस’मध्ये (१९४६) कॅमेरा मेजवानीच्या भव्य दालनात उंचावरून संथपणे उतरत नायिकेच्या मुठीतील किल्लीवर स्थिरावतो. एक शब्दही न उच्चारता तिच्यावरील संकट उमगते.

लंडनमधील एका भाजी-फळविक्रेत्याच्या घरी १८९९ मध्ये जन्मलेले हिचकॉक मूकपटांच्या काळात घडले. चित्रानेच कथा सांगण्याची शिस्त त्यांना तेथे लाभली. पुढे ‘सायको’साठी (१९६०) नेहमीच्या कंपनीने पैसा देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या संस्थेमार्फत, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेचे तंत्रज्ञ घेऊन, सुमारे आठ लाख डॉलरमध्ये तो कृष्णधवल चित्रपट पूर्ण केला. मानधनाऐवजी त्यांनी मालकीत वाटा घेतला. प्रेक्षकाची नाडी ओळखल्याचा विश्वास असल्याखेरीज असा सौदा कोण करील?

तरीही अनेक समीक्षक त्यांना केवळ करमणूक करणारे मानीत. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच वेळा नामांकन होऊनही तो पुरस्कार त्यांना लाभला नाही. १९६२ मध्ये त्रुफो यांनी अनेक दिवस त्यांची सविस्तर मुलाखत घेतली. १९६६ मध्ये निघालेले तिचे पुस्तक आज चित्रपटाच्या अभ्यासकांना मार्गदर्शक ठरले आहे.

अभ्यासाची रीत सोपी आहे. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना आवाज बंद ठेवावा आणि प्रत्येक प्रसंगी एवढेच टिपावे : पात्राला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय? त्या दोहोंमधील अंतरातच हिचकॉक यांची उत्कंठा वसते.