विश्लेषण : आजोबांची बेसबॉल कार्डे नातवंडे सांभाळणार का?

मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे पुठ्ठ्याचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना विकले गेले. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये हा विक्रम मोडला, पण तो बेसबॉलच्या कार्डाने नव्हे. मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या बास्केटबॉलपटूंच्या स्वाक्षऱ्या असलेले २००७-०८ च्या हंगामातील कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरना गेले. सत्तरी ओलांडलेल्या कार्डाला जेमतेम अठरा वर्षांच्या कार्डाने मागे टाकले. जुनी बेसबॉल कार्डे जपणारी पिढी आता ऐंशीच्या घरात पोहोचली आहे. तिच्यानंतर या कार्डांचे वाली कोण, या प्रश्नाला त्यामुळे नव्याने धार आली आहे.

ही कार्डे आली कुठून?

सुरुवात सिगारेटपासून झाली. १८८० च्या दशकात अमेरिकी तंबाखू कंपन्या सिगारेटचे मऊ पाकीट चेपू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली, की गिऱ्हाईक पुढचे पाकीट घेण्यासाठी परत येई. १९०९ ते १९११ या काळात ‘अमेरिकन टोबॅको’ कंपनीने काढलेला पाचशेहून अधिक कार्डांचा संच आज ‘टी २०६’ या नावाने ओळखला जातो. १९३० च्या दशकात तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली आणि कार्डे मुलांच्या हाती गेली. ब्रुकलिनच्या ‘टॉप्स’ कंपनीने १९५२ मध्ये ४०७ कार्डांचा मोठा, रंगीत संच काढला. मागच्या बाजूला खेळाडूची आकडेवारी, पुढे चित्र आणि संघाचे बोधचिन्ह ही आजची मांडणी तेव्हा रूढ झाली. याच कंपनीची ‘स्लॅम अटॅक्स’ आणि ‘क्रिकेट अटॅक्स’ ही कार्डे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनीही मधल्या सुट्टीत खेळली आहेत.

जुन्या कार्डांना एवढी किंमत का?

ती जपण्यासाठी काढलेलीच नव्हती, म्हणून. मुले ती सायकलच्या चाकात अडकवत, भिंतीवर आपटून जिंकत-हरत आणि रबरबँड लावून खोक्यात कोंबत. मुलगा कॉलेजात किंवा सैन्यात गेला, की आई घर आवरताना ते खोके रद्दीत काढी. ‘टॉप्स’चे साय बर्जर यांनी तर १९५२ च्या संचातील न खपलेली कार्डे १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडवल्याचे सांगितले होते. मँटलचे कार्ड हंगामाच्या अखेरीस आलेल्या याच भागातले. धडधाकट अवस्थेत उरलेली कार्डे थोडी आणि ती लहानपणी हरवलेले लोक लाखो, असे हे गणित होते. १९८० च्या दशकात ही मुले चाळिशीला आली, हाती पैसा आला आणि हरवलेले बालपण विकत घेण्याची चढाओढ सुरू झाली.

नव्वदच्या दशकात काय बिघडले?

जुन्या कार्डांचे भाव पाहून नवी कार्डेही उद्या सोन्याची होतील, असे सर्वांना वाटू लागले. न्यायालयीन लढाईनंतर ‘टॉप्स’ची मक्तेदारी मोडली आणि १९८१ मध्ये ‘फ्लीर’ व ‘डॉनरस’, तर १९८९ मध्ये ‘अपर डेक’ बाजारात आली. सर्वांनी मिळून कार्डांचा महापूर आणला आणि घराघरांतून कोऱ्या पाकिटांची खोकी साठवली गेली. सगळेच जपून ठेवत असतील तर दुर्मीळ काहीच उरत नाही, हा साधा हिशेब कोणी केला नाही. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे ‘वर्ल्ड सीरिज’ रद्द झाली, चाहते चिडले आणि फुगा फुटला. या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणजे मेणकागदातल्या भंगाराचा काळ म्हणतात. त्या वेळची खोकी आजही अनेक घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. त्यानंतरची एक अख्खी पिढी या छंदापासून दूर राहिली. आजचा ‘वारसदार कोण’ हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

करोनाकाळात तरुण परत कसे आले?

२०२० मध्ये टाळेबंदीत सामने थांबले, लोक घरी बसले, हाती सरकारी मदतीचे धनादेश आले आणि माळ्यावरची खोकी खाली उतरली. कार्डांची अवस्था तपासून १ ते १० असे गुण देणाऱ्या ‘पीएसए’ या संस्थेकडे इतकी कार्डे आली, की मार्च २०२१ मध्ये तिला बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. विस्कॉन्सिनमधील एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाल्यावर ‘टार्गेट’ या साखळीने मे २०२१ मध्ये दुकानांतून कार्डविक्री काही काळ बंद केली. मोठे भांडवलही याच वेळी आले. ‘मेजर लीग बेसबॉल’चे भविष्यातील हक्क ‘फॅनॅटिक्स’ने मिळवले आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘टॉप्स’च विकत घेतली. मात्र या लाटेत आलेल्या बहुतेक तरुणांनी जुनी नव्हे, नवी कार्डे हाताळली.

तरुण नेमके काय विकत घेतात?

जुन्या संग्राहकाला पूर्ण संच हवा असे. एकेक क्रमांक मिळवत यादी भरत जाण्यात त्याची मजा होती. आजच्या कार्डांत टंचाई छापखान्यातच तयार केली जाते. एखाद्या कार्डाच्या ९९, १० किंवा एकच प्रत. त्यावर खेळाडूची स्वाक्षरी, जर्सीचा तुकडा. पॉल स्किन्स या गोलंदाजाच्या पहिल्या सामन्यातील जर्सीचा तुकडा असलेले एकमेव कार्ड लॉस एंजेलिसमधील ११ वर्षांच्या मुलाला नाताळच्या भेटीतल्या पाकिटात मिळाले. ‘पिट्सबर्ग पायरेट्स’ संघाने त्याच्या बदल्यात ३० वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली. कुटुंबाने लिलाव निवडला आणि मार्च २०२५ मध्ये कार्ड ११ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. मुले कार्डांपासून दूर गेलेली नाहीत, हे यातून दिसते. पण त्यांना ओढ आहे ती पाकीट फोडण्याच्या क्षणाची. जुन्या कार्डात तो क्षण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलेला असतो. शिवाय या पिढीच्या बालपणातील कार्डे अनेकदा पोकेमॉनची असतात. तिच्या स्मरणरंजनात मँटल नाही, पिकाचू आहे.

जुन्या कार्डांना धोका कोणता?

१९५२ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशी पार केलेला आहे. येत्या दशकात त्याच्या पिढीचे संग्रह मोठ्या प्रमाणात बाजारात येतील. विकणारे वाढले आणि घेणारे तेवढेच राहिले, तर भाव उतरणार हे उघड आहे. टपाल तिकिटांचे उदाहरण समोर आहे. ‘ब्रिटिश गयाना’चे जगातील सर्वांत महागडे तिकीट २०१४ मध्ये सुमारे ९५ लाख डॉलरना विकले गेले होते, २०२१ मध्ये त्याला ८३ लाख डॉलरच मिळाले. घरोघरीचे साधे अल्बम तर वारसांकडून कोणी घ्यायला तयार नसते.

तरीही एक गोष्ट उलट दिशेने बोट दाखवते. ‘टी २०६’ संचातील होनस वॅग्नर १९१७ मध्ये निवृत्त झाले. त्यांना खेळताना पाहिलेले आज कोणी उरलेले नाही. तरी त्यांचे कार्ड २०२१ मध्ये ६६ लाख आणि २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना गेले. बेब रूथ यांच्या १९१४ च्या कार्डाला २०२३ मध्ये ७२ लाख डॉलर मिळाले. म्हणजे स्मृती संपल्या तरी इतिहास विकला जातो. फक्त तो निवडक नावांचाच विकला जातो. खरा धोका आहे तो मधल्या फळीला : पन्नास-साठच्या दशकांतील चांगल्या, पण दंतकथा न झालेल्या खेळाडूंच्या कार्डांना. त्यांची किंमत केवळ त्यांना पाहिलेल्या माणसांच्या आठवणीवर टिकून आहे.

विश्वासाचा प्रश्न काय आहे?

‘पीएसए’ने १९९१ मध्ये तपासलेले पहिलेच कार्ड वॅग्नर यांचे होते आणि त्याला ८ गुण मिळाले. पुढे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल करताना, या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही मान्य केले. कडा कातरणे, रंग भरणे, सुरकुत्या दाबणे हे प्रकार जुन्या कार्डांत नेहमीचे आहेत. नवख्या तरुणाला ते ओळखता येत नाहीत, म्हणून तो प्लास्टिकच्या डबीवरील आकड्यावर विसंबतो. त्या आकड्यावरील विश्वास डळमळला, तर जुन्या कार्डांकडे येणारी वाट बंद होईल. नव्या कार्डांचा प्रश्न वेगळा आहे. ‘ब्रेक’ या प्रकारात विक्रेता कॅमेऱ्यासमोर खोके फोडतो आणि प्रेक्षक आधीच एकेका संघावर पैसे लावतात. आपल्या संघाचे कार्ड निघाले नाही, तर हाती काहीच नाही. हा छंद की जुगार, असा आक्षेप म्हणूनच घेतला जातो. यात हात पोळलेला मुलगा जुन्या कार्डांपर्यंत पोहोचण्याआधीच छंद सोडण्याची शक्यता असते.

जमेच्या बाजू कोणत्या?

पहिली, खेळ जिवंत आहे. २०२३ मध्ये चेंडू टाकण्यासाठी कालमर्यादा आणल्यावर सामने आटोपशीर झाले आणि त्या हंगामात मैदानांतील प्रेक्षकसंख्या सात कोटींवर गेली. दुसरी, जुन्या कार्डांची मांडणी नव्या पिढीच्या नजरेखाली आहे. ‘टॉप्स हेरिटेज’ ही मालिका २००१ पासून दरवर्षी एखाद्या जुन्या संचाच्या रूपात आजचे खेळाडू छापते. तिसरी बाजू सर्वांत महत्त्वाची : सगळी जुनी कार्डे महाग नाहीत. कोपरे झिजलेली, फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूंची पन्नासच्या दशकातील अस्सल कार्डे काही डॉलरमध्ये मिळतात. नव्या कार्डांच्या एका खोक्याच्या पैशात त्यांचा छोटा संग्रह उभा राहतो. शिवाय काही नावांना खेळापलीकडचे वजन आहे. १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडणारे जॅकी रॉबिन्सन किंवा भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना १९७२ मध्ये विमान अपघातात गेलेले प्वेर्तो रिकोचे रॉबर्टो क्लेमेंटे यांची कार्डे तरुणांना सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणूनही खुणावतात.

पुढे काय?

बाजाराचे तीन थर पडतील असे दिसते. मँटल, रूथ, वॅग्नर यांची उत्तम अवस्थेतील कार्डे चित्रांप्रमाणे श्रीमंतांच्या तिजोरीत आणि संग्रहालयांत जातील. मधल्या थराचे भाव घसरतील आणि निवृत्तीची पुंजी म्हणून त्यांकडे पाहणाऱ्यांचा अपेक्षाभंग होईल. हीच घसरण खालच्या थरात तरुणांना प्रवेश मिळवून देईल. जेफरसन बर्डिक या साध्या पगारदार माणसाने, कार्डांना भावच नव्हता त्या काळात, तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे जमवली आणि न्यूयॉर्कच्या ‘मेट्रोपॉलिटन म्युझियम’ला देऊन टाकली. ‘टी २०६’ हे नावही त्यांच्याच सूचीतले. छंद पैशाआधी होता आणि पैशानंतरही टिकू शकतो, याचा हा पुरावा. मात्र त्यासाठी आजोबांनी खोके लिलावदाराकडे पाठवण्याआधी त्यातील माणसांच्या गोष्टी नातवंडांना सांगायला हव्यात. गोष्ट माहीत नसलेल्या वारसाला त्या खोक्यात किंमत तेवढी दिसेल, आणि ती कमी निघाली तर खोके पुन्हा रद्दीत जाईल.