म्हणे प्युअर सिल्क!

लग्नसराई आली की आमच्या दोंडाईच्यात हल्ली मानपानात एक नवी भर पडते. नवरदेवाला सूट, आणि सुटावर तिरक्या पट्ट्यांचा टाय. मुलीचा बाप बहुधा शेतकरी. दुकानात त्याच्यापुढे चकचकीत डबी उघडतात आणि सांगतात, "आण्णा, हाई प्युअर सिल्क शे. डोया झाकीसन ल्या."

माझं भांडण या डोळे झाकण्याशी आहे, मंडळी. हाच माणूस कापूस विकायला नेतो तेव्हा व्यापारी डोळे झाकतो का? ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून ओल बघतो, चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघतो, कवडी दिसली की भाव पाडतो. मिरचीचंही तेच. ओली म्हणाला की पैसे कापलेच. आपला माल असला की परीक्षा, त्यांचा असला की विश्वास! हा कुठला न्याय?

आधी शब्द बघू (मराठी शिकवण्यात जन्म गेला, खोड जात नाही). 'आर्ट सिल्क' मधला आर्ट म्हणजे कला नव्हे. 'आर्टिफिशियल'चं शेपूट कापून तो केलाय. नकली रेशीम असं स्पष्ट छापलं असतं तर त्या भावाला कोणी हात लावला असता? 'सिल्क फिनिश' लिहिलेल्या टायमध्ये रेशमाचा एक धागाही नसू शकतो. पॉलिएस्टरशी माझं वैर नाही. सुरत आमच्याच रेल्वेलाइनवर आहे, आणि तिथल्या कापडाने गरिबाघरी टिकाऊ, धुवायला सोपे कपडे आणले. पण मग पॉलिएस्टर म्हणून विका आणि पॉलिएस्टरचे पैसे घ्या.

"काका, दोन तास मिरवायचं, कोण बघतो?" असं आमची तरुण मंडळी म्हणतात. कोणी बघत नसेल तर रेशमाचा भाव का मोजायचा?

टाय उलटा करा. चांगल्या पट्ट्यांच्या टायमध्ये पट्टे विणलेले असतात, रंगीत धाग्यांचे. आतल्या बाजूने कापड पांढरट, फिकट दिसलं तर पट्टे छापलेले आहेत असं समजा. मग धाग्याची दिशा बघा. टायचं कापड उरेब कापावं लागतं, म्हणजे धागे टायच्या लांबीला तिरके जातात. तसं असेल तरच गाठ नीट बसते आणि सोडल्यावर टाय पूर्ववत होतो. कापड वाचवायला सरळ कापून वर तिरके पट्टे छापलेले टायही मिळतात. टाय नुसता लोंबता धरा. पीळ घेऊन फिरू लागला तर काप चुकलाय. जाडीवर भुलू नका, ती आतल्या अस्तराची असू शकते. चकाकीवर तर मुळीच नको. आणि अंगठीतून कापड आरपार जातं म्हणून ते रेशीम, ही जुनी समजूत सोडा. पातळ पॉलिएस्टरही जातं.

खरी परीक्षा जाळाची. आतल्या शिवणीच्या कडेचा एखादा सुटा धागा मागा आणि काडी लावा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. एवढंच. दुकानदार "टाय खराब होईल" म्हणेल. आपला कापूस ओढून बघताना कोणी विचारलं होतं?

केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 साली 'सिल्क मार्क' सुरू झाला. ती खूण असली तर उत्तम. पण ती सक्तीची नाही, आणि तिच्यावरून धागा अस्सल आहे एवढंच कळतं. काप, शिवण आपणच बघायची.

हे काही जमलं नाही तर निदान पक्की पावती मागा आणि तिच्यावर 'शुद्ध रेशीम' असं लिहून मागा. तोंडाने दहादा प्युअर म्हणणारा माणूस पेन शोधायला किती वेळ लावतो, ते मात्र डोळे उघडे ठेवून बघा.