झाकली मूठ रुनिटची

प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी एनिवेटोक या कंकणद्वीपावर १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत अमेरिकेने ४३ अण्वस्त्रांचे स्फोट केले. पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत असल्या चाचण्या स्थगित ठेवण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांतील अवघे नऊ झालेले होते. उरलेले चौतीस त्यानंतरचे! रहिवाशांची रवानगी १९४७ सालीच उजेलांग बेटावर झालेली होती. त्यांना परत आणावयाचे तर आधी घर झाडले पाहिजे. ती झाडलोट सुरू व्हावयास १९७७ साल उजाडले, आणि झाडू देण्यात आला तो सामान्य शिपायांच्या हाती.

१९८० पर्यंत सुमारे चार हजार अमेरिकन सैनिक या कामावर राबले. बेटाबेटांवरील दूषित मातीचा थर खरवडावयाचा, तो बोटींतून रुनिट बेटावर आणावयाचा आणि १९५८ च्या ‘कॅक्टस’ स्फोटाने पडलेल्या खड्ड्यात सिमेंट कालवून ओतावयाचा, असा हा उद्योग. सुमारे ७३ हजार घनमीटर माती व भंगार तेथे पुरले गेले आणि त्यावर दीड फूट जाडीच्या ३५८ काँक्रीट-फरशांचा घुमट चढला. खड्ड्याच्या तळाला मात्र अस्तर नाही. प्रवाळाच्या सच्छिद्र खडकातून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते. झाकण भक्कम आणि भांड्याला बूड नाही, अशी ही स्थापत्यकला.

या मातीत प्लुटोनियम आहे. त्याचे अल्फा-किरण कातडीही भेदू शकत नाहीत. पण त्याचा कण श्वासावाटे फुफ्फुसात रुतला, तर तो तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. म्हणजे सारी भिस्त तोंडावरील मुखवट्यावर. आपण उघड्या अंगाने, आखूड चड्डीवर आणि मुखवट्यावाचून काम केले, असे यांतील अनेकांनी पुढे सांगितले. मोजलेले प्रमाण मर्यादेच्या आत होते, असे सरकार सांगत आले.

अमुक माणसाचा कर्करोग तमुक धुळीनेच झाला, हे सिद्ध करणे वैद्यकास जवळजवळ अशक्य आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मग पुराव्याचा भार कोणावर? ज्याने हुकूम दिला, मोजमाप ज्याने केले आणि नोंदवह्या ज्याच्या कपाटात, त्याच्यावर. की ज्याने केवळ फावडे धरले त्याच्यावर? सैनिकाने धोका पत्करावयाचाच असतो, हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो. रणांगणावरील शत्रू त्याला ठाऊक असतो. येथे तो पायाखालच्या पांढऱ्या धुळीत होता.

१९८८ च्या अमेरिकन कायद्याने प्रत्यक्ष स्फोटांच्या वेळी हजर असलेल्या सैनिकांचे काही कर्करोग सेवेमुळेच झाले, असे गृहीत धरले. स्फोटानंतर केर काढणारे त्यात बसले नाहीत. त्यांना ही सवलत मिळाली ती ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने, काम संपल्यावर बेचाळीस वर्षांनी. विशीतला शिपाई तोवर साठी ओलांडून गेला होता, म्हणजे जो जगला तो.

आणि तो घुमट? १९८६ मध्ये अमलात आलेल्या करारानंतर त्याची जबाबदारी मार्शल बेटांच्या सरकारची, असे अमेरिकेचे म्हणणे आहे. प्लुटोनियम निम्मे व्हावयास सुमारे चोवीस हजार वर्षे लागतात.