रिकाम्या बाकावर कोणाला बसवायचे?

शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली की पुढे काय घडते, हे आता आपणांस पाठ झाले आहे. एक दिवस सुट्टी, दोन मिनिटे मौन, एक प्रार्थनासभा. आठवड्याभरात त्या रिकाम्या बाकावर दुसरा मुलगा बसविला जातो आणि चाचणी परीक्षा ठरल्या दिवशी पार पडते. शाळेचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये, हीच सर्वांची चिंता. ह्याला आपण धीर म्हणतो! मी ह्याला पलायन म्हणतो, आणि त्यात मीही सामील होतो.

काही वर्षांपूर्वी अशाच प्रसंगी मला एका शाळेत बोलाविण्यात आले. जीवन ही देवाची देणगी आहे, ह्यावर मी वीस मिनिटे बोललो. नंतर एका मुलाने हळूच विचारले, ‘फादर, तो आता कुठे आहे?’ मी गडबडलो. वास्तविक उत्तर माझ्यापाशी असायला हवे होते. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारणारी १९१७च्या धर्मसंहितेतील तरतूद १९८३च्या संहितेत उरली नाही. गंभीर मानसिक व्याधीने माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२चा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. आपल्या ओटीवरची कुजबुज मात्र १९१७तच अडकली आहे, आणि ती मृताच्या मित्रांच्या कानी पडते.

‘विषय काढला तर इतरांच्या डोक्यात तेच येईल,’ असे पालक म्हणतात. मुलाला आपुलकीने थेट विचारल्याने तो विचार रुजत नाही. घटनेचे तपशील चघळल्याने मात्र अपाय होतो. सर्वांना एकत्र बसवून जबरीने बोलते करणेही घातकच. जिवलग मित्र, भावंडे, पूर्वीच खचलेली मुले ह्यांच्याकडे कित्येक महिने लक्ष हवे. झोप, भूक, गैरहजेरी हे वर्गशिक्षकाला दिसते. पुढचे काम जाणकाराचे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे. तो किती फळ्यांवर लिहिला आहे?

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये बजावले. त्यावर आपले व्यवस्थापक विचारतात, पगार कोठून द्यायचा? सणाचा मंडप आणि बँड ह्यांचा हिशेब पुढील महिन्यात पॅरिश कौन्सिलपुढे येईल. हा प्रश्न मी तेथेच मांडणार आहे.