जरा उजळ करा

भोसरी-चाकणकडच्या फोटो स्टुडिओत स्थळासाठी फोटो काढायला मुलगी येते तेव्हा सोबत आई असते, नाहीतर मावशी. फोटो निघाला की कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला मावशी सांगते, "दादा, जरा उजळ करा." तो काही विचारत नाही. आधी मुरमांचे डाग जातात. मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं, फर्स्ट शिफ्टची बस गाठायला रोज पहाटे उठून आलेली. मग नाक थोडं बारीक, हनुवटी निमुळती. गालाचा तुकतुकीतपणा शेवटी इतका वाढतो, की ती कातडी आहे असं वाटतच नाही. त्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही, गिऱ्हाईक मागेल ते तो देतो. मुलाच्या फोटोला मात्र हे सोपस्कार नाहीत. तो गॉगल लावून बुलेटला टेकलेला असला तरी चालतो. त्याच्या बाबतीत प्रश्न एकच : पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट?

हे खूळ मोबाईलने आणलं म्हणायचीही सोय नाही. पिंपरीहून लोकलने निघालं की लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मांचा छापखाना पुढे तिथे हलला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर गेल्या. गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या, चेहऱ्यावर तीळभर डाग नाही. सून बघायला निघालेल्या आपल्या पणज्यांच्या डोळ्यांपुढे तोच चेहरा असणार.

मधल्या काळात आपल्याला स्मिता पाटील मिळाली. 'जैत रे जैत' १९७७ चा, 'उंबरठा' १९८२ चा. तिचा सावळा रंग मराठी माणसाने डोक्यावर घेतला. त्यानंतर आपण पुढे जायला हवं होतं. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. नायिका दीपा काळी, म्हणून तिची अवहेलना, हाच मालिकेचा गाभा. भूमिका रेश्मा शिंदे यांची, आणि त्या मुळात गोऱ्या. मेकअपने त्यांना काळं केलं जाई. अभिनेत्रीने तिचं काम केलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण काळ्या मुलीचं दुःख सांगायलासुद्धा काळी मुलगी चालू नये? दीपासाठी हळहळणाऱ्या घरांतूनच दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्टुडिओत जात होतं.

फ्लेक्सचं तर विचारूच नका. २०११ पासून पालिकांमध्ये महिलांना निम्म्या जागा मिळाल्या, ही मोठीच गोष्ट. पण नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या साऱ्या ताई सख्ख्या बहिणी वाटतात. पन्नाशीची बाई पंचविशीची दिसते, आणि वॉर्डात आली की लोक ओळखत नाहीत!

नियम आहेत. सावळ्या माणसाला कमी लेखणारी जाहिरात करू नये, असं अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०१४ मध्येच सांगितलं. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. ट्यूब दुकानात आहे तिथेच आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड करून दाखवलं, तर तसं छापावं लागतं. कंपन्यांना अशी वेसण घालता येते. स्टुडिओतल्या मावशीला कोण घालणार? आणि तिने तरी काय करावं? सावळा फोटो पाठवला तर पलीकडून फोनच येत नाही, हे ती पोळून शिकलेली असते.

म्हणून सांगायचं आहे ते मुलाकडच्यांना. येत्या लग्नसराईत मुलासाठी स्थळ बघत असाल, तर बायोडाटातला रंगाचा रकाना वाचूच नका. फोटो मागताना स्पष्ट कळवा : मोबाईलवर काढलेला, जसा असेल तसा पाठवा. आणि तो आल्यावर फोन नक्की करा.